एक कोॲक्स, सहा तारा, चार बँड

तुम्ही विचारलं आहे ते थोडक्यात असं: हौशी रेडिओचा (हॅम) व्हीयू३ परवाना नुकताच हाती आला आहे, बोलायला-ऐकायला ५० वॅटचा सेट आहे, अँटेना सेटशी जुळवून देणारा ट्यूनर नाही. दुमजली घराची गच्ची साधारण १५ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद. खिडकीतून एकच कोॲक्स (मध्ये तार आणि भोवती जाळी असलेली केबल) आत आणता येईल आणि त्यावर ४०, २०, १५ आणि १० मीटर (म्हणजे ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झ) हे चारही बँड हवेत. अँटेना तयार घ्यावा की तारेचा घरी बांधावा, आणि बांधायचा तर कुठला?

घरीच बांधा, आणि फॅन डायपोल बांधा. मधोमध एक केंद्र, त्याला एकच कोॲक्स, आणि त्या केंद्रातून दोन बाजूंना जाणाऱ्या तारांच्या तीन जोड्या, एकेक जोडी म्हणजे एकेक डायपोल: एक ४० साठी, एक २० साठी, एक १० साठी. १५ मीटरला वेगळी जोडी लागत नाही, ते काम ४० ची तार करते. कसं, ते पुढे सांगतो.

माझ्या या आग्रहामागे पैसे वाचवणं हे कारण नाही. आपल्याकडे अँटेनाची परीक्षा घेतो तो पावसाळा. जून ते सप्टेंबर पाणी, त्याआधी दोन महिने रंग उडवणारं ऊन, आणि मध्ये वळवाचे वारे. गेली वीसएक वर्षं मी असं एकही वर्ष पाहिलं नाही की अँटेना एकदाही खाली उतरवावा लागला नाही. म्हणून जो उतरवता येतो, उघडता येतो आणि तासाभरात दुरुस्त करून पुन्हा चढवता येतो, तोच अँटेना मी घरावर ठेवतो. फॅन डायपोलमध्ये काही बिघडलं तर कुठली तार बिघडली ते मापनावरून लगेच कळतं. सीलबंद डबीत काय झालं ते कळत नाही.

हल्ली नवीन मंडळींचा ओढा एंड-फेड हाफवेव्हकडे असतो. वीस मीटरच्या आसपास एक तार, एका टोकाला ४९ : १ चा ट्रान्सफॉर्मर, झालं. प्रवासात मी तोच नेतो, कारण एक झाड मिळालं की काम भागतं. पण तारेच्या टोकाला इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) दोन-अडीच हजार ओहमच्या घरात असतो आणि परतीचा प्रवाह आपली वाट शोधत कोॲक्सच्या बाहेरच्या अंगावरून खोलीत येतो. उलट दिशेने घरातल्या एलईडी दिव्यांचा, इन्व्हर्टरचा, शेजारच्या सोलरचा गोंगाटही त्याच वाटेने रिसीव्हरपर्यंत पोचतो. दाट वस्तीत हे फार जाचतं. लुई वार्नी यांनी १९४६ साली मांडलेला जी५आरव्ही हा अँटेना आजही चांगलाच आहे, पण त्याची वरची तार ३१ मीटर, ती तुमच्या गच्चीत बसत नाही. शिवाय बहुतेक बँडवर त्याला ट्यूनर लागतोच. त्याची समांतर दोन तारांची फीडलाइनही आता सहज मिळत नाही. दूरदर्शनच्या दिवसांत ३०० ओहमची चपटी रिबन वायर कुठल्याही टीव्हीच्या दुकानात मीटरवर मिळायची, ते दिवस गेले. ट्रॅप डायपोल जागा वाचवतो, पण त्यातली कॉइल आणि कपॅसिटर पावसापासून जपणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं. तुम्ही ते आत्ता अंगावर घेऊ नका.

आता सहा तारा एकाच ठिकाणी जोडल्या तर शक्ती वाटली कशी जात नाही, ही शंका रास्त आहे. डायपोल त्याच्या अर्ध्या तरंगलांबीला मधोमध कमी इम्पीडन्स दाखवतो, ५० ते ७० ओहम. तोच डायपोल दुप्पट फ्रीक्वेन्सीला मधोमध हजारो ओहम दाखवतो. तुम्ही १४ मेगाहर्ट्झवर बोलता तेव्हा २० ची जोडी दार उघडून उभी असते. ४० ची जोडी तेव्हा पूर्ण तरंगलांबीची झालेली असते, तिचं दार बंद. १० ची जोडी फारच आखूड, तिचंही बंद. प्रवाह उघड्या दाराने जातो. २८ वर २० ची तार पूर्ण तरंगलांबीची होते आणि ४० ची दोन तरंगलांबींची, दोन्ही दारं बंद. ४०-२०-१० ही साखळी म्हणूनच जमते. ७ च्या तिपटीला, म्हणजे २१ मेगाहर्ट्झला, ४० ची तार दीड तरंगलांबीची होते आणि तिचं मधलं दार पुन्हा उघडतं. इम्पीडन्स शंभर ओहमच्या आसपास असतो, तो चालतो. हे एवढं डोक्यात पक्कं असेल तर ट्यूनिंग करताना गोंधळ होणार नाही.

सामानाचं सांगतो. तारेसाठी घरगुती वायरिंगची दीड एमएमची मल्टिस्ट्रँड वायर घ्या, पीव्हीसी काढायची गरज नाही. ९० मीटरचं बंडल मिळतं. आपल्याला लागते ३७ मीटर, उरलेली तार पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. ही तांब्याची तार मऊ असते, ताणाखाली सहा महिन्यांत थोडी लांबते आणि रेझोनन्स (तार जिथे जुळते ती फ्रीक्वेन्सी) खाली सरकतो. त्यात काळजीचं काही नाही, पावसाळ्यानंतर पुन्हा मापायचं. कोॲक्स आरजी-५८ चालेल, पण तांब्याची दाट जाळी असलेला बघून घ्या. दुकानदाराला टोक सोलून दाखवायला सांगा. जाळीतून आतलं पांढरं प्लास्टिक ढळढळीत दिसत असेल तर घेऊ नका. वीस मीटर आरजी-५८ मध्ये २८ मेगाहर्ट्झला साधारण दीड डेसिबल जातात, ७ मेगाहर्ट्झला त्याच्या निम्मे. ५० वॅटच्या सेटला एवढं परवडतं. केबल-टीव्हीचा आरजी-६ स्वस्त आणि कमी नुकसानीचा असतो, ७५ ओहमचा असला तरी डायपोलला चालून जातो, पण त्याची ॲल्युमिनियमची जाळी सोल्डर घेत नाही. पहिल्या अँटेनाला तो नको. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला ही सगळी खरेदी एका फेरीत होते.

केंद्र मात्र हाताने, सावकाश करा. स्वयंपाकघरातला भाजी कापायचा जाड प्लास्टिकचा पाट असतो, त्याचा हातभर नाही, वितभर तुकडा घ्या. मधोमध वर एक भोक, त्यातून दोर. दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकं, त्यातून तारा ओवून गाठ मारायची, म्हणजे ताण प्लास्टिकवर येतो, जोडावर येत नाही. हा मुद्दा सोडू नका. सोल्डरचा जोड वाऱ्यात हलत राहिला की तो आत्ता नाही, नेमका चांगला बँड उघडल्यावर तुटतो. एका बाजूच्या तिन्ही तारांची टोकं एका लगमध्ये, म्हणजे बोल्टवर बसणाऱ्या धातूच्या कडीत, घालून दाबा आणि वरून सोल्डर करा. दुसऱ्या बाजूचंही तसंच. दोन स्टेनलेस बोल्ट, एकाला कोॲक्सचा मधला कंडक्टर, दुसऱ्याला जाळी. कोॲक्सलाही पाटाला दोन ठिकाणी बांधा, त्याचं वजन बोल्टवर लोंबता कामा नये.

आणि केंद्राच्या लगेच खाली चोक, म्हणजे कोॲक्सच्या बाहेरच्या अंगावरून येणारा प्रवाह अडवणारं वेटोळं. बहुतेक जण इथे कंटाळा करतात. डायपोलचे दोन पाय सारखे, पण कोॲक्सला तीन वाटा आहेत: मधला कंडक्टर, जाळीचं आतलं अंग, आणि जाळीचं बाहेरचं अंग. ही तिसरी वाट बंद केली नाही तर कोॲक्स स्वतःच अँटेनाची सातवी तार होऊन बसतो. मग मापलेला एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळला ते सांगणारा आकडा, १ म्हणजे अगदी जुळलेला) कोॲक्स हलवला की बदलतो, माइकला ओठ लागला की चटका बसतो, एफटी८ (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल संदेशांचा प्रकार) करताना कॉम्प्युटरची यूएसबी मध्येच सुटते. यातलं काहीही जाणवलं तर तारा कापत बसू नका, चोक बघा.

चोकसाठी एफटी२४०-४३ हा फेराइट टोरॉइड, म्हणजे कडं, मिळाला तर त्यावर आरजी-५८ चे बारा वेढे घाला. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून निघणारं पिवळं-पांढरं कडं वापरू नका. दिसायला तसंच असलं तरी ते लोखंडी पावडरचं असतं आणि या कामाला कुचकामी. फेराइट मिळालाच नाही, तर ११० एमएमचा पीव्हीसी पाइप घ्या, तोच बाथरूमच्या सांडपाण्याचा, आणि त्यावर सहा मीटर कोॲक्स एका थरात शेजारी-शेजारी गुंडाळा. सोळा वेढे बसतात. गठ्ठा करून टेपने बांधू नका. पहिला आणि शेवटचा वेढा शेजारी आले की २८ मेगाहर्ट्झला चोकचा उपयोग संपतो. असा हवेतला चोक मधल्या बँडना उत्तम आणि दोन्ही टोकांना जरा कमी असतो, फेराइटचा चारही बँडना चांगला.

आता गच्ची. तारा मनातल्या मनात टांगण्याआधी वर जा आणि चारही बाजूंना विजेच्या तारा कुठे आहेत ते बघा. काठी किंवा तार कुठल्याही बाजूला पडली तरी विजेच्या तारेला पोचता कामा नये, हे अंतर आधी मोजा. पोचत असेल तर जागा बदला, काठी आखूड करा. अँटेनाची तार विजेच्या तारेच्या वरून किंवा खालून न्यायची नाही, ती तार कोटेड असली तरी नाही. या बाबतीत माझ्याकडे दुसरा पर्याय नाही.

मधोमध दीड इंची जीआय पाइप, सहा मीटर. तो पायाशी घट्ट रोवण्यापेक्षा बिजागरीवर आडवा पाडता येईल असा करा आणि वर एक कप्पी लावा. कप्पीतून दोर, दोराला केंद्राचा पाट. ट्यूनिंगला अँटेना पंधरा-वीस वेळा खालीवर होतो आणि कप्पी नसेल तर तिसऱ्या खेपेला माणूस म्हणतो, चालेल आता. पाइपला स्वतःचे तीन-चार ताणाचे दोर वेगळे द्या. तारांच्या भरवशावर पाइप उभा करू नका.

तुमची गच्ची १५ बाय ९ असल्याने एक गोष्ट फार छान जुळून येते. तिचे दोन कर्ण एकमेकांना साधारण ६२ अंशांत छेदतात. एका कर्णावर ४० ची जोडी टाका, दुसऱ्यावर २० ची. आणि १० ची आखूड जोडी लांब बाजूंच्या मध्यांकडे. सहा तारा साठ-साठ अंशांवर पसरतात. फॅन डायपोलमधली नेहमीची तक्रार असते ती तारा एकमेकींना छेडतात, एक कापली की दुसरी हलते, ही. दोन तारा हातभर अंतरावर समांतर नेल्या तर तसं होणारच. अशा पसरल्या की ती तक्रार जवळजवळ संपते.

कोपऱ्यांत साडेतीन मीटरचे बांबू उभे करा. मध्यापासून कोपरा पावणेनऊ मीटरवर, शिखर सहा मीटरवर, म्हणजे शिखरापासून बांबूच्या डोक्यापर्यंत तिरकं अंतर सुमारे ९.१ मीटर. तुमची ४० ची तार त्याहून लांब असेल. इन्सुलेटर आणि दोरी धरता टोकाशी मीटरभर तार उरेल. ती बिनधास्त खाली लोंबती सोडा. टोकाकडे प्रवाह जवळजवळ नसतो, त्यामुळे ते वळवल्याने फारसं काही हरवत नाही. पण टोकाशी व्होल्टेज सर्वांत जास्त असतं, ५० वॅटलाही शेकडो व्होल्ट. म्हणून लोंबतं टोक हाताला, आणि गच्चीवर खेळणाऱ्या मुलांच्या उडीलाही, लागणार नाही इतकं वर हवं. साडेतीन मीटरचे बांबू सांगितले ते यासाठी. दोऱ्या साध्या नायलॉनच्या घेतल्या तर दोन उन्हाळ्यांत हातात पावडर येते, पॉलिएस्टरच्या जास्त टिकतात.

लांबीचं गणित जुनंच आहे: १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, पूर्ण डायपोलची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी २०.१४, म्हणजे एक बाजू १०.०७. १४.१५ साठी एक बाजू ५.०५, २८.४ साठी २.५२. ही सुरुवात, शेवट नव्हे. पीव्हीसीचं आवरण तारेला विजेच्या दृष्टीने लांब करतं, उतरते पायही लांब करतात, आणि खाली सळयांनी भरलेला स्लॅब आहेच. त्यामुळे शेवटी ४० ची तार सूत्रापेक्षा आखूडच निघेल. उलट आखूड जोड्या मोठ्या जोडीच्या शेजारामुळे कधीकधी सूत्रापेक्षा लांब लागतात. म्हणून सगळ्याच तारा लांब ठेवून सुरुवात करा: १०.४०, ५.३० आणि २.७०. दुसऱ्या कुणाच्या अँटेनाची मापं उतरवून थेट कापू नका, माझीसुद्धा नाही.

मापायला नॅनो व्हीएनए हे अँटेना मापायचं छोटं यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर जवळच्या एखाद्या जुन्या हॅमकडे मागा, कुणी नाही म्हणत नाही. खोलीतल्या कोॲक्सच्या टोकाशी मापलं तरी चालतं, पण कोॲक्स लांब असेल तर त्यातलं नुकसान एसडब्ल्यूआर खोटा चांगला दाखवतं, हे लक्षात असू द्या.

पहिली ४०. समजा १०.४० मीटरवर एसडब्ल्यूआरचा तळ ६.७० मेगाहर्ट्झला सापडला. हवा ७.१० ला. नवी लांबी = जुनी लांबी गुणिले सापडलेली फ्रीक्वेन्सी, भागिले हवी असलेली. १०.४० × ६.७० ÷ ७.१० = ९.८१. दोन्ही बाजूंनी ५९ सेंटिमीटर जायला हवेत. एकदम कापू नका. ४० सेंटिमीटर मागे दुमडून तारेलाच घट्ट पीळ द्या, वर चढवा, पुन्हा मापा. दुमडलेली तार विजेच्या दृष्टीने जवळजवळ कापल्यासारखीच वागते, आणि चुकलं तर परत सोडता येते. आकडा पक्का झाला की मगच पक्कड. ७ मेगाहर्ट्झला दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर म्हणजे जेमतेम ७ किलोहर्ट्झ, तिथे हात सैल चालतो. २० वर तेवढ्याच कापण्याने २८ किलोहर्ट्झ सरकतात. १० वर मात्र ११० किलोहर्ट्झ. तिथे नखाएवढं कापायचं.

आपल्याकडे ४० मीटर बँड ७.० ते ७.२, म्हणजे ७.१ वर तळ ठेवला की पूर्ण बँड सहज येतो. २० ला १४.१५ धरा. १० मीटर हा बँड २८ पासून २९.७ पर्यंत पसरलेला आहे, सगळा एकाच तारेत येणार नाही. २८.४ धरला की २८.०७४ चा एफटी८ आणि वरचा एसएसबीचा, म्हणजे आवाजात बोलण्याचा, गजबजलेला पट्टा दोन्ही मिळतात.

४० लागला की लगेच २१ मेगाहर्ट्झकडे बघा. तळ २१.२ ला नसेल, बहुतेक २१.७ च्या वर कुठेतरी असेल. याचं कारण असं की तारेच्या टोकापाशी जी विजेची ओढ असते, जिच्यामुळे अर्धी तरंगलांबी कागदावरच्यापेक्षा थोडी आखूड भरते, ती फक्त दोन टोकांनाच असते. तिप्पट फ्रीक्वेन्सीला तारेत तीन अर्ध्या लहरी बसतात, पण टोकं दोनच, मधल्या लहरीला ती सूट मिळत नाही. म्हणून रेझोनन्स बरोबर तिपटीला न येता त्याच्या वर जातो. तार लांब करून तो खाली आणला तर ४० बिघडतो.

यावरचा इलाज जुना आणि सुंदर आहे. २१ मेगाहर्ट्झला केंद्रापासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे साधारण साडेतीन मीटरवर, तारेत व्होल्टेजचा एक कळस असतो. नेमक्या त्या जागी दोन्ही पायांना तारेचा एकेक तुकडा लोंबता जोडा. ३० सेंटिमीटरपासून सुरुवात करा आणि मापत मापत वाढवा किंवा कमी करा. तो तुकडा १५ मीटरला टोकाचा भार दिल्यासारखा वागतो आणि तळ खाली ओढतो. ४० मीटरला त्या जागी व्होल्टेज फारसं नसतं, म्हणून त्याला किंचितच धक्का लागतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा २१ चा एसडब्ल्यूआर तीनवरून दीडवर आलेला बघून गच्चीवर नुसता उभा राहिलो होतो. दोन वीत तारेने हे झालं होतं.

त्यानंतर २०, मग १०, आणि शेवटी पुन्हा ४० कडे एक फेरी. एखादा शनिवार-रविवार हाताशी ठेवा, घाईत करायचं हे काम नाही. आणि एसडब्ल्यूआर १.० च्या मागे लागू नका. १.५ ला ४ टक्के शक्ती परतते, २ ला ११ टक्के. समोरच्याला यातला फरक ऐकू येत नाही. तुमचा सेट २ पर्यंत कुरकुर करत नसेल तर तिथे थांबा. डमी लोडचा, म्हणजे शक्ती नुसती उष्णतेत जिरवणाऱ्या रेझिस्टरचा, एसडब्ल्यूआर अगदी एक असतो आणि त्यातून शब्दही बाहेर जात नाही. एसडब्ल्यूआर कापणं कुठे थांबवायचं ते सांगतो, अँटेना किती चांगला ते सांगत नाही. काहीही न करता एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला, तर खूश होण्याऐवजी कोॲक्समध्ये पाणी शिरलं आहे का ते बघा.

या अँटेनाकडून काय अपेक्षा ठेवायची? स्लॅब जमिनीपासून साडेसहा मीटर, वर सहा मीटर, शिखर साडेबारा मीटरवर. ४० मीटरला ही उंची तरंगलांबीच्या तीन-दशांश, म्हणजे शक्ती बरीचशी सरळ वर जाते आणि वरून छत्रीसारखी खाली येते. सकाळी कोल्हापूर, नाशिक, गोवा, नागपूर, सगळं स्वच्छ. यात दिशा फारशी नसतेच, तार कुठल्या कर्णावर टाकली याने बिघडत नाही. २० मीटरला लहर सुमारे २५ अंशांवर उठते, संध्याकाळी युरोप आणि पहाटेच्या सुमारास इतर दिशा. १० मीटरला साधारण १२ अंशांवर, हे लांबच्यासाठी फार छान. म्हणून २० आणि १० च्या तारा कुठे रोखल्या आहेत याला थोडा अर्थ आहे, डायपोल आपल्या दोन अंगांना जास्त बोलतो, टोकांकडे कमी. २० चा कर्ण निवडताना नकाशा बघा, तारेचं अंग वायव्येकडे, म्हणजे युरोपकडे, येईल असा कर्ण २० ला द्या आणि उरलेला ४० ला. १५ मीटरला दीड तरंगलांबीमुळे आकृती अनेक पाकळ्यांची होते, काही दिशा अचानक चांगल्या लागतील, काही बोथट.

सौरचक्राचंही, म्हणजे सूर्याच्या चढत्या-उतरत्या सक्रियतेचंही, ध्यानात ठेवा. सध्याच्या २५ व्या चक्राचा कमाल काळ आल्याचं नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. कमाल काळाच्या आसपासची वर्षं १० मीटरची. चक्र उतरत गेलं की १० दिवसचे दिवस मुका राहील, तेव्हा तार तुटली असं समजून वर चढू नका. २० तेव्हाही सोबत करील.

पावसाची तयारी मे महिन्यातच. केंद्रावरचे दोन्ही बोल्ट आणि सोललेलं कोॲक्सचं टोक सेल्फ-फ्यूजिंग टेपने ताणून गुंडाळा, त्यावर साधी टेप, टेपचा शेवट खालून वर येणारा, म्हणजे कौलांसारखे थर एकमेकांवर बसतात आणि पाणी आत न जाता ओघळतं. सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातलं आम्ल तांबं खातं, न्यूट्रल असं लिहिलेलं मागा. पाणी कोॲक्सच्या जाळीतून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं सरकतं, मीटर-मीटर आत जातं. एका वर्षी माझ्या कोॲक्सचं टोक सोललं तर जाळी काळी पडलेली, फूटभर कापलं तरी काळी, शेवटी चार मीटर कापल्यावर तांब्याचा रंग दिसला. तेव्हापासून मी दर दिवाळीच्या आधी वितभर टोक कापून जाळीचा रंग बघतो. खिडकीतून आत शिरण्याआधी कोॲक्सला खाली एक झोळ द्या, म्हणजे अंगावरून आलेलं पाणी तिथे टपकेल, खोलीत येणार नाही. समुद्रकाठच्या मंडळींनी हे सगळं वर्षातून दोनदा करावं, खारी हवा बोल्टही सोडत नाही.

ओल्या दिवशी मापलंत तर सगळे तळ थोडे खाली सरकलेले दिसतील. पीव्हीसीवर पाण्याचा थर असतो तोवर हे होणारच, त्यावरून तारा कापू नका.

आभाळातल्या विजेच्या बाबतीत एकच सवय लावून घ्या. बोलणं संपलं की कोॲक्स सेटपासून काढून खिडकीबाहेर टाकायचा, वळवाच्या दिवसांत तर न चुकता. नुसता काढून टेबलावर ठेवलेला कोॲक्स म्हणजे वीज खोलीत बोलावणं. आभाळ कोरडं असतानाही लांबवर गडगडाट सुरू झाला की तारांवर स्थिर विद्युत जमते, बाहेरच्या टोकाशी ठिणगी ऐकू येते. तोवर सेटवर बसून राहण्यात अर्थ नाही. खिडकीबाहेर स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा करून कोॲक्सची जाळी तिथे बांधता आली तर आणखी चांगलं, पण सॉकेटमधून सेट काढणं आणि कोॲक्स बाहेर टाकणं ही दोन कामं त्याने टळत नाहीत.

आणि संक्रांतीचे चार-पाच दिवस अँटेना खाली उतरवूनच ठेवा. कप्पी आहे, दोन मिनिटांचं काम. मांजा तारेत अडकला की खालून मुलं पतंग ओढतात, आणि तो सोडवायला कुणी ना कुणी कठड्यावर चढतंच.

पहिल्या दिवशी ७.१ च्या आसपास सकाळी सहा-सातला नुसतं ऐका, अर्धा तास. गोंगाट किती आहे, जवळचे किती जोरात येतात, ते वहीत लिहा, आणि त्याच पानावर चारही बँडचे तळ आणि तारांच्या शेवटच्या लांब्या. पुढच्या दिवाळीला अँटेना उतरवाल तेव्हा पहिलं हेच पान लागेल.